आईच्या हाती पाच शिलिंग : एलिनॉर रॅथबोन यांचे चरित्र

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दर वर्षी कोणा ना कोणा थोर स्त्रीचे चरित्र असते. जिजामाता, अहिल्यादेवी, सावित्रीबाई, पंडिता रमाबाई यांची चरित्रे आपल्याला घरच्या माणसांइतकी परिचयाची आहेत. यंदा मी मुद्दाम विलायतेतल्या एका बाईंची ओळख करून देणार आहे. त्यांचे नाव एलिनॉर रॅथबोन. त्यांनी लग्न केले नाही. त्यांना मूलबाळ नव्हते. तरीसुद्धा मुलांच्या पोषणासाठी सरकारने आईच्या हातात हक्काचे पैसे द्यावेत, म्हणून त्यांनी जवळजवळ अठ्ठावीस वर्षे जिवाचे रान केले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा अर्थशास्त्राची मोठी भाषा मला साधणार नाही. परंतु वाण्याचे बिल, शाळेची फी आणि दूधवाल्याचा हिशेब यांची तोंडमिळवणी जिने एका पगारात केली आहे, तिला एलिनॉरबाईंचे म्हणणे पटकन उमजेल.

त्यांचा जन्म १२ मे १८७२ रोजी लंडनमध्ये झाला. घराणे मूळचे लिव्हरपूलचे. लिव्हरपूल हे इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर. तेथे रॅथबोन मंडळी पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करीत. घरात पैसा मुबलक होता. पण पैशाबरोबर लोकांचे देणेही लागते, अशी त्या घरची शिकवण होती. एलिनॉरबाईंच्या पूर्वजांनी गुलामांच्या व्यापाराला विरोध केला होता, आणि तोही अशा गावात राहून की जेथले कित्येक धनिक त्याच व्यापारावर गबर झाले होते. वडील विल्यम रॅथबोन हे पार्लमेंटचे सभासद. त्यांची पहिली पत्नी आजारी असताना एका शिकलेल्या परिचारिकेने तिची शुश्रूषा केली. पत्नी गेल्यावर त्यांच्या मनात आले की, आपल्यासारख्या श्रीमंताच्या घरी ही सोय होती, तशी गरिबाच्या घरी कोठून असणार? त्यांनी त्याच परिचारिकेला गरिबांच्या वस्तीत पाठवले. घरोघर जाणाऱ्या परिचारिकांची इंग्लंडमधली पद्धत तेथून रुजली, आणि पुढे या कामात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही त्यांना सल्ला मिळाला. एलिनॉरबाई या विल्यम यांच्या दुसऱ्या पत्नीच्या कन्या. अशा वडिलांच्या हाताखाली त्या वाढल्या.

१८९३ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात गेल्या. तत्त्वज्ञान हा त्यांचा आवडीचा विषय. अभ्यासात त्या इतक्या गढून जात की मैत्रिणी त्यांना तत्त्वज्ञ म्हणूनच चिडवीत. तीन वर्षे अभ्यास झाला, परीक्षाही झाली. पण पदवी मिळाली नाही, कारण ऑक्सफर्डमध्ये त्या काळी बायकांना पदवीच देत नसत. तो हक्क बायकांना १९२० साली मिळाला. आपल्याकडे पूर्वी मुलींना शाळेतून काढून घरी बसवीत, तसलाच हा प्रकार; फक्त विलायती थाटाचा.

१८९६ मध्ये शिक्षण आटोपून त्या लिव्हरपूलला परतल्या. घरी बसून भरतकाम करायचा त्यांचा पिंड नव्हता. गरिबांना मदत देणाऱ्या एका संस्थेच्या वतीने त्या वस्त्यांमधून घरोघर जाऊ लागल्या. तेथे त्यांना पहिला प्रश्न पडला तो हा की, घरचा पुरुष धडधाकट आहे, कामाला जातो, तरी मुले उपाशी का?

उत्तर शोधायला त्या वडिलांबरोबर गोदीतल्या कामगारांची पाहणी करू लागल्या. गोदीची रीत अशी होती की कायम नोकरी फार थोड्यांना. बाकीच्यांनी ठरलेल्या जागी जाऊन उभे राहायचे. मुकादम यायचा, हवी तेवढी माणसे निवडायचा आणि उरलेली माणसे हात हलवीत परत फिरायची. बोट आले तर काम, नाही तर उपास. आपल्याकडे शहराशहरांतून मजूर अड्डे भरतात. गवंडी, बिगारी, रंगारी सकाळी डबा घेऊन नाक्यावर उभे असतात आणि दहा वाजले तरी कोणी बोलावले नाही की डबा तसाच घेऊन घरी येतात. त्यातलेच हे चित्र. इंग्लंड तेव्हा जगातला सर्वांत श्रीमंत देश गणला जाई. पण गोदीकामगाराच्या घरची चूल आपल्या नाक्यावरच्या मजुराच्या चुलीपेक्षा काही वेगळी पेटत नव्हती.

या पाहणीचा अहवाल तयार झाला, त्या सुमारास वडील वारले. पुढे १९०९ मध्ये त्यांनी आणखी एक पाहणी प्रसिद्ध केली. रोजंदारीवरचा माणूस कसा जगतो, हा तिचा विषय. या पाहणीसाठी घरांचे आठवड्याचे जमाखर्च लिहून घेतले होते. भाडे किती, पाव किती, कोळसा किती, साखर किती, सगळे टिपलेले. त्यातून दिसले असे की, मिळकत कमीजास्त झाली की पुरुषाच्या ताटापेक्षा बाईचे आणि पोरांचे ताट आधी रिकामे होते. कपडे सोमवारी गहाण पडायचे आणि मजुरी आली की सुटायचे. पुन्हा पुढच्या आठवड्यात तेच. आपल्यापैकी जिने एकदा तरी मंगळसूत्राची वाटी सोनाराकडे ठेवली आहे, तिला या जमाखर्चाचा अर्थ सांगायला नको.

त्याच साली, १९०९ मध्ये, एलिनॉरबाई लिव्हरपूलच्या नगरपालिकेत निवडून आल्या. त्या नगरपालिकेतल्या त्या पहिल्या स्त्री सभासद. कोणत्याच पक्षाच्या तिकिटावर त्या उभ्या नव्हत्या आणि जन्मभर त्यांनी तेच व्रत पाळले. बायकांना मताधिकार मिळावा म्हणूनही त्या झटत होत्या. काचा फोडणे, जाळपोळ करणे हा मार्ग त्यांना मान्य नव्हता. सभा, अर्ज, पत्रके असा त्यांचा चिवट मार्ग. याच काळात एलिझाबेथ मॅकॅडम या स्कॉटिश समाजसेविकेशी त्यांची मैत्री जुळली. पुढे त्या दोघी एकत्र घर करून राहिल्या आणि ही साथ अखेरपर्यंत टिकली. एलिनॉरबाई कामाच्या नादात स्वतःकडे अगदी दुर्लक्ष करीत. त्यांच्या घराची व्यवस्थित बाजू मॅकॅडमबाईंनी सांभाळली.

आता त्यांच्या आयुष्यातल्या मुख्य गोष्टीकडे वळू. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. लाखो पुरुष लढाईवर गेले. तेव्हा सरकारने सैनिकांच्या बायकांना भत्ता सुरू केला. या भत्त्याची मांडणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. तो पुरुषाच्या मूळच्या कमाईवर अवलंबून नव्हता. बायकोचे इतके, पहिल्या मुलाचे इतके, दुसऱ्याचे इतके, अशी तोंडे मोजून रक्कम ठरे आणि ती दर आठवड्याला थेट बाईच्या हातात पडे. सुरुवातीला सरकारी यंत्रणा गोंधळली, तेव्हा लिव्हरपूलमध्ये हजारो बायकांना हा भत्ता पोहोचवण्याचे काम एलिनॉरबाई आणि त्यांच्या सहकारिणींनी अंगावर घेतले.

तेथे त्यांनी एक नवल पाहिले. युद्धाचे दिवस, महागाई वाढलेली, घरचा कर्ता पुरुष दूर आणि जिवाची धाकधूक. तरी कित्येक गरीब घरांतली मुले पूर्वीपेक्षा चांगली दिसू लागली. पायात बूट आले, गालांवर तकाकी आली. कारण एकच. आयुष्यात पहिल्यांदा त्या आईला ठाऊक होते की अमुक वारी अमुक रक्कम येणार आणि ती आपल्याच हाती येणार. रक्कम काही फार मोठी नव्हती, पण ती भरवशाची होती. घर चालवणारीला भरवशाचे शंभर हे बेभरवशाच्या दोनशेपेक्षा मोठे असतात.

यावरून एलिनॉरबाईंनी जो विचार मांडला तो मी आपल्या हिशेबात सांगते. समजा, एका कारखान्यात तीन पुरुष शेजारी शेजारी काम करतात. काम सारखे, पगारही सारखा, महिना बारा हजार. पहिला अविवाहित आहे. त्याचे बारा हजार त्याचे एकट्याचे. दुसऱ्याला बायको आणि दोन मुले. चार माणसांत वाटले तर माणशी तीन हजार. तिसऱ्याला बायको आणि सहा मुले. आठ माणसांत माणशी दीड हजार. तिघेही प्रामाणिक, तिघेही मेहनती. मग तिसऱ्याच्या मुलांनी काय पाप केले? मालक म्हणेल, मी कामाचे दाम देतो, पोरे मोजून नाही. त्याचेही चूक नाही. सर्वांचाच पगार आठ माणसांना पुरेल इतका करावा, तर तेवढा पैसा मालकाजवळ नाही, आणि अविवाहित माणसाला नसलेल्या बायकापोरांचे पैसे दिल्यासारखे होईल. म्हणजे पगार नावाचे माप मुलांच्या पोटाला लागूच पडत नाही. मुलांसाठी वेगळा डबा हवा, आणि तो समाजाने भरायला हवा. कारण आजची मुले हीच उद्याचे कामकरी, शिपाई, शिक्षक आणि आया. त्यांचा उपयोग सगळ्या समाजाला होतो, मग त्यांच्या पोषणाचा भार एकट्या आईबापांनी का वाहावा?

यातला दुसरा धागा बायकांच्या पगाराचा. बाईने पुरुषाइतकेच काम केले तरी तिला कमी दाम मिळे, आणि विचारले तर उत्तर ठरलेले : पुरुषाला कुटुंब पोसायचे असते. एलिनॉरबाईंचे म्हणणे, कुटुंबाचा खर्च वेगळ्या भत्त्यातून गेला की ही सबबच उरणार नाही.

१९१७ मध्ये त्यांनी काही समविचारी मंडळींना जमवून या प्रश्नासाठी समिती स्थापन केली. १९१९ मध्ये मिलिसेंट फॉसेट यांच्यानंतर स्त्रियांच्या एका मोठ्या राष्ट्रीय संस्थेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९२४ मध्ये त्यांनी या विषयावर मोठे पुस्तक लिहिले. वारसा नाकारलेले कुटुंब, अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. ते वाचून विल्यम बेव्हरिज या अर्थशास्त्रज्ञाचे मत पालटले. ते लंडनच्या ज्या संस्थेचे प्रमुख होते, तेथल्या अध्यापकांना त्यांनी मुलांचा भत्ता लागू केला. हे बेव्हरिज पुढे पुन्हा भेटणार आहेत.

परंतु विरोधही काही थोडाथोडका नव्हता. सनातनी म्हणत, मुले पोसणे बापाचे कर्तव्य आहे. सरकारने पोसली तर बाप आळशी होतील. कोणी म्हणे, लोक पैशासाठी मुले वाढवतील. कामगारांच्या पुढाऱ्यांना वाटे, सरकार भत्ता देऊ लागले की मालक पगारवाढ नाकारतील. म्हणून त्यांच्या संघटनांनी १९३० मध्ये ही कल्पना बाजूला सारली. खुद्द फॉसेटबाईंचाही विरोध होता. ज्यांच्या पाठीमागून आपण चाललो, त्याच वाट अडवू लागल्या की मनाला काय यातना होतात, हे सार्वजनिक काम केलेल्या कोणत्याही बाईला समजेल. एलिनॉरबाई मागे हटल्या नाहीत. प्रत्येक आक्षेपाला त्या आकडे घेऊन उत्तर देत.

१९२२ मध्ये त्या पार्लमेंटच्या निवडणुकीत पडल्या. १९२९ मध्ये विद्यापीठांच्या मतदारसंघातून निवडून आल्या, आणि मरेपर्यंत अपक्ष सभासद म्हणून तेथे राहिल्या. काळा साधा पोशाख, हातात कागदांनी फुगलेली पिशवी आणि तोंडी नेहमी कोणा तरी गांजलेल्याचा प्रश्न, अशी त्यांची मूर्ती पार्लमेंटात ओळखीची झाली. मंत्री त्यांना दुरून पाहून वाट बदलीत, असे सांगतात. हिटलरच्या छळातून पळालेल्या ज्यूंना आणि इतर निर्वासितांना आसरा मिळावा म्हणून त्यांनी केलेले काम एवढे मोठे आहे की त्यावर वेगळा लेख होईल.

या ठिकाणी आपल्या देशाशी त्यांचा जो संबंध आला तोही सांगितला पाहिजे, आणि त्यात सगळेच गोड नाही. १९२७ मध्ये कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईने हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या स्थितीवर एक निंदाव्यंजक पुस्तक लिहिले. ते वाचून एलिनॉरबाईंचे मन कळवळले आणि त्यांनी १९२९ मध्ये लंडनला परिषद भरवली. कळवळा खरा होता, पण आमच्या बायकांना विचारल्यावाचून आमच्याविषयी ठरवणाऱ्या तुम्ही कोण, असा सवाल तेथे हजर असलेल्या भारतीय स्त्रियांनी केला. त्यात पुढे होत्या धन्वंती रामा राव, ज्यांनी नंतर मुंबईत कुटुंबनियोजनाचे मोठे काम उभे केले. १९३२ च्या आरंभी एलिनॉरबाई स्वतः हिंदुस्थानात येऊन गेल्या. बालविवाहाला बंदी करणारा शारदा कायदा १९२९ मध्ये झाला खरा, पण तो कागदावरच राहतो आहे, हे त्यांनी १९३४ मध्ये पुस्तक लिहून दाखवून दिले. १९४१ मध्ये मात्र, महायुद्धात भारतीय पुढारी इंग्रजांना साथ देत नाहीत, म्हणून त्यांनी उघड पत्र लिहून दोष दिला. त्याला रवींद्रनाथ ठाकुरांनी आजारपणात अंथरुणावरून कडक उत्तर दिले. पारतंत्र्यात भुकेल्या ठेवलेल्या देशाकडून कृतज्ञता कशी मागावी, हे त्या थोर बाईंना दिसले नाही. थोर माणसांनाही डोळ्याआड राहणारी एखादी बाजू असते. चरित्र वाचताना तीही पाहावी.

आता पुन्हा विलायतेत येऊ. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. बॉम्बच्या भीतीने शहरातली मुले खेड्यांत पाठवली, तेव्हा गरीब वस्तीतल्या मुलांची हडकुळी शरीरे आणि फाटके कपडे सुखवस्तू लोकांनी प्रथमच जवळून पाहिले. एलिनॉरबाई वीसपंचवीस वर्षे जे ओरडून सांगत होत्या, ते आता लोकांच्या स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. १९४२ मध्ये कामगार संघटनांचा विरोध मावळला. त्याच वर्षी डिसेंबरात बेव्हरिज यांचा प्रसिद्ध अहवाल निघाला आणि मुलांचा भत्ता हा त्याच्या पायातला एक दगड होता.

१९४५ मध्ये सरकारने विधेयक आणले. रक्कम दर मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग. बेव्हरिज यांनी सुचवलेल्या आठांपेक्षा कमी. बाकीचे शाळेतल्या जेवणातून आणि दुधातून भरून काढू, असे सरकारने म्हटले. पहिल्या मुलाला काही नाही, दुसऱ्यापासून पुढे. इतके सगळे एलिनॉरबाईंनी गिळले. परंतु विधेयकात एक कलम असे होते की भत्ता बापाच्या मालकीचा राहील. हे वाचून त्या संतापल्या. वय त्र्याहत्तरीला टेकलेले, प्रकृती खालावलेली. ज्या कायद्यासाठी आयुष्य वेचले, त्याच कायद्याविरुद्ध आपण मत देऊ, असे त्यांनी भर पार्लमेंटात बजावले. पैसा आईच्या हाती जाणार नसेल तर या कायद्याने बायकांचा अपमान होईल, ही त्यांची भूमिका होती. स्त्रियांच्या संस्थांनीही सरकारवर पत्रांचा मारा केला. शेवटी सरकारने सभासदांना आपापल्या मताप्रमाणे मत देण्याची मोकळीक दिली आणि कलम बदलले. भत्ता आईचा ठरला. जूनमध्ये कायदा झाला.

२ जानेवारी १९४६ रोजी एलिनॉरबाई लंडनमध्ये अचानक वारल्या. पहिला भत्ता वाटला गेला ६ ऑगस्ट १९४६ रोजी, मंगळवारी. त्या दिवशी पोस्टाच्या खिडकीपुढे आयांच्या रांगा लागल्या. त्यांतल्या कित्येकींना ही रक्कम कोणामुळे मिळाली हे ठाऊकही नसेल. वडाचे झाड लावणारा त्याच्या सावलीत क्वचितच बसतो.

भगिनींनो, चरित्र येथे संपले असते. परंतु हा प्रश्न श्रीमंत देशाचा आहे, आपल्यासारख्या गरीब देशाला तो कसा परवडणार, असे कोणी म्हणेल, म्हणून थोडे आणखी लिहिते. आपल्याकडेही हा विचार नवा नाही. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असे त्यांचे मत होते. १९२९ मध्ये कायदा झाला. भार मात्र मालकावर पडला आणि लाभ कारखान्यातल्या बायकांपुरताच राहिला. शेतावर, विटभट्टीवर, लोकांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला मालक म्हणून दाखवायचा कोण? एलिनॉरबाईंचा पगाराचा मुद्दा गरीब देशात दुपटीने खरा ठरतो. जेथे बहुतेकांना पगाराची चिठ्ठीच नाही, तेथे मुलांची मदत नोकरीला बांधली तर ती गरिबाच्या दारात पोहोचत नाही. ती मुलालाच बांधली पाहिजे.

मग अशी मदत कशी आखावी? बाईंच्या आयुष्यातून मला चार गोष्टी दिसतात. पहिली, पैसा जी मुलाला सांभाळते तिच्या हाती जावा. दक्षिण आफ्रिकेने १९९८ मध्ये मुलांचे अनुदान सुरू केले तेव्हा हेच केले. महिना शंभर रँड, सात वर्षांखालील गरीब मुलांना, आणि जो कोणी मूल सांभाळील त्याच्या नावे. मग ती आजी का असेना. पुढे ही वयाची अट वाढवत अठरा वर्षांपर्यंत नेली.

दुसरी, रक्कम लहान असली तरी चालेल, पण वेळेवर आणि ठरलेली हवी. आणि महागाईबरोबर ती वाढायला हवी. इंग्लंडातले पाच शिलिंग महागाईने खाल्ले, तेव्हा १९५२ मध्ये त्याचे आठ करावे लागले. आपल्याकडे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गरोदर मातेला किमान सहा हजार रुपये लिहिले. २०१७ मध्ये आलेल्या मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी पाच हजार ठरले, तेही हप्त्याहप्त्याने. महागाई हप्त्याहप्त्याने थांबत नाही.

तिसरी, चाळणी फार बारीक करू नये. पैसा थोडा म्हणून गरीब देश अटी घालतात : हा दाखला आणा, तो शिक्का आणा, दोनच मुले दाखवा. सुखवस्तू माणसाला अडवायला लावलेल्या या चाळणीत सगळ्यांत गरीब बाईच अडकते, कारण तिच्याजवळच कागद नसतो. तिसरे मूल काही आईबापांच्या चुकीची शिक्षा भोगायला जन्माला येत नाही. इंग्लंडनेही पहिल्या मुलाला वगळण्याची रीत १९७७ पासून मोडली.

चौथी, पैसा आणि अन्न यांचे भांडण लावू नये. मद्रासमध्ये कामराज यांनी १९५६ मध्ये शाळेतल्या गरीब मुलांसाठी जेवण सुरू केले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतून शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. शाळेतल्या जेवणाने दुपार भागते. पण तान्ह्या बाळाचे औषध, पावसाळ्यातली चप्पल आणि रात्रीची भाकरी शाळेत मिळत नाही. त्याला आईजवळ चार पैसे लागतात.

महाराष्ट्रात २०२३ मध्ये लेक लाडकी योजना जाहीर झाली. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेच्या घरातल्या मुलीला जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने एक लाख एक हजार रुपये. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेतून बायकांच्या खात्यात महिना दीड हजार येऊ लागले. तेव्हा आपल्याच मंडळात चर्चा झाली की फुकटचा पैसा माणसाला बिघडवतो. मी त्या दिवशी गप्प राहिले नाही आणि येथेही राहत नाही. आजारी मुलासाठी नवऱ्यापुढे हात पसरावा लागणारी बाई मी जवळून पाहिली आहे. स्वतःच्या खात्यात पैसे असलेली बाई डॉक्टरकडे संध्याकाळची वाट न पाहता जाते. यात बिघडण्यासारखे काय आहे? हां, असा पैसा निवडणुकीची ओवाळणी म्हणून मिळू नये. तो कायद्याने मिळावा आणि सरकार बदलले तरी चालू राहावा. ओवाळणी भाऊ देईल तेव्हा मिळते, हक्क दर महिन्याला मिळतो. एलिनॉरबाईंनी कायद्यासाठीच हट्ट धरला तो यासाठी.

आपल्या मंडळाकडून पार्लमेंटची लढाई होणार नाही. पण आपल्या वस्तीत अशा कितीतरी बायका आहेत की ज्यांच्या मुलांचा जन्मदाखला नाही, बँकेत किंवा पोस्टात खाते नाही, आधारवरचे नाव आणि शिधापत्रिकेवरचे नाव जुळत नाही. तेवढ्यासाठी त्यांच्या मुलांच्या वाटणीचे पैसे अडून राहतात. हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो. या वर्षी प्रत्येकीने एका आईचे कागद पुरे करून देण्याचे वाण लुटावे, अशी माझी नम्र सूचना आहे. लिहितावाचता येणाऱ्या आपण. एक फॉर्म भरायला सातवीपर्यंतचे शिक्षण पुरते, हे मी अनुभवाने सांगते.